ठरलेल्या वारी येणारा दवाखाना

फिरता दवाखाना सुरू करायचा असे एखाद्या संस्थेने ठरवले की पहिल्या बैठकीत चर्चा गाडीची होते. तयार गाडी घ्यायची की बसचा सांगाडा घेऊन आत बांधणी करून घ्यायची, क्ष-किरण यंत्र मावेल का, वातानुकूलन हवे का, बाजूच्या पत्र्यावर देणगीदाराचे नाव कोठे रंगवायचे. दोन-तीन बैठका यातच जातात. ही गाडी कोणत्या गावी, कोणत्या वारी, किती वाजता उभी राहणार आणि तिथे पुन्हा कधी येणार, हा प्रश्न उद्घाटनाची तारीख ठरल्यावर निघतो. तुमच्या हातातल्या या पुस्तिकेत गाडीचे प्रकरण पाचवे आहे. आधीची चार प्रकरणे गावांची, वेळापत्रकाची, माणसांची आणि नोंदवहीची आहेत. हा क्रम मला मनापासून पटला, आणि प्रस्तावना लिहायला मी लगेच होकार दिला तो त्यामुळेच.

हे काम ज्यांच्यासाठी करायचे ते लोक आरोग्यसेवेपासून दूर का राहिले, हे आधी नीट पाहिले पाहिजे. सरकारी निकष असा आहे की सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर तीस हजारांमागे, डोंगरात वीस हजारांमागे एक. हिशेब चुकीचा नाही. पण अक्राणीत, मेळघाटात किंवा भामरागडात तीन हजार माणसे एका जागी राहत नाहीत. ती पाड्यापाड्यांत विखुरलेली असतात आणि दोन पाड्यांमध्ये नाला, घाट नाहीतर जंगल असते. उपकेंद्र गावठाणात असते. पाड्यावरच्या बाईला तिथे जायचे तर तिची दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते, जीपचे भाडे लागते, घरी शेळ्या आणि धाकटे मूल कोणाच्या तरी हवाली करावे लागते. एवढे करून गेल्यावर सिस्टर तालुक्याच्या बैठकीला गेलेल्या असल्या, तर ती बाई पुढच्या वेळी जात नाही. यात तिचे अज्ञान शोधणाऱ्यांशी माझे अजिबात जमत नाही. तिने एकदा अनुभव घेतलेला असतो आणि त्यातून बरोबर निष्कर्ष काढलेला असतो.

शासनालाही हे ठाऊक आहे. १९९५ साली आदिवासी भागातल्या बालमृत्यूंनंतर महाराष्ट्रात नवसंजीवनी योजना आली. तिच्यात कुपोषित मुलाबरोबर दवाखान्यात राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद झाली. औषध फुकट असले तरी दवाखाना फुकट पडत नाही, याची ती सरकारी कबुली होती. त्याच योजनेतून मानसेवी वैद्यकीय अधिकाऱ्यांची भरारी पथके उभी राहिली. पावसाळ्यात रस्ते तुटले की पाड्यांवर पोचणारा डॉक्टर बहुतेक वेळा या पथकातला असतो. आयुर्वेदाची पदवी घेतलेले हे तरुण वर्षानुवर्षे मानधनावर काम करत राहिले आणि प्रत्येक वेळी मुदतवाढीची वाट पाहत राहिले. महाराष्ट्रात फिरत्या आरोग्यसेवेचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्याने सुरुवात या पथकांपासून करावी. त्यांच्यावर आजवर फार थोडे लिहिले गेले आहे.

देशात हा प्रयत्न त्याहून पुष्कळ जुना आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संस्थापक डॉ. आयडा स्कडर १९०९ च्या सुमारास प्यूजो मोटारीतून गुडियात्तमच्या रस्त्याने आठवड्याला जाऊ लागल्या. वाटेत ठरलेल्या जागी झाडाखाली मोटार थांबे आणि आसपासच्या गावांतून आलेले रोगी तिथे आधीपासून बसलेले असत. मोटार आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी येते, एवढे कळले की निरोप द्यावा लागत नाही. झाडच दवाखाना होते. शंभर वर्षांनंतर तंत्रज्ञान कितीतरी पुढे गेले आहे, पण या पद्धतीत मूलतः बदल करावा असे काही मला अजून सापडलेले नाही.

त्यानंतरचे मोठे पाऊल मुंबईतून पडले. इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन आणि भारतीय रेल्वे यांनी मिळून १६ जुलै १९९१ रोजी जीवनरेखा एक्सप्रेस सुरू केली. जगातले पहिले रेल्वे रुग्णालय म्हणून ते ओळखले जाते. त्याचा पहिला मुक्काम तेव्हाच्या बिहारमधल्या, आताच्या झारखंडमधल्या खलारी येथे पडला. गाडी एका स्थानकाच्या बाजूच्या रुळावर काही आठवडे उभी राहते, शहरांतले शल्यचिकित्सक स्वतःची रजा खर्चून तिथे येतात आणि मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, कानाचे पडदे, पोलिओने आखडलेले हातपाय यांवर शस्त्रक्रिया होतात. एकदा केली की काम झाले, अशा शस्त्रक्रिया असल्यामुळेच हे जमते. मोतीबिंदू काढलेल्या आजीला गाडी निघून गेल्यावर दिसेनासे होत नाही. रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल, क्षयरोग यांचे गणित निराळे आहे. कोणत्या आजारासाठी कोणते चाक, याचा विचार फार कमी ठिकाणी होतो आणि मग रेल्वेने करायचे काम जीपकडून, जीपचे काम एकदिवसीय शिबिराकडून अपेक्षिले जाते.

आसामातल्या बोटींविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण फिरता दवाखाना ही दुय्यम सोय आहे असे मानणाऱ्यांना तिथे उत्तर मिळते. ब्रह्मपुत्रेच्या पात्रात वाळूची शेकडो बेटे आहेत. त्यांना चर किंवा सापोरी म्हणतात. लाखो लोक तिथे राहतात, भात आणि मोहरी पिकवतात, गुरे पाळतात. दरवर्षीच्या पुरात नदी यांतली काही बेटे कापून नेते आणि दुसरीकडे नवी उभी करते. अशा जमिनीवर पक्क्या इमारतीचे आरोग्य केंद्र बांधायचे तरी कसे? गरोदर बाई सापोरीवरून दवाखान्यात पोचण्याआधी दगावल्याच्या एका घटनेने पत्रकार संजय हजारिका अस्वस्थ झाले. त्यांच्या सेंटर फॉर नॉर्थ ईस्ट स्टडीज अँड पॉलिसी रिसर्च या संस्थेने २००५ साली दिब्रुगडला ‘आखा’ नावाची बोट पाण्यात सोडली. आखा म्हणजे आशा. २००८ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान त्यांच्या सोबतीला आले आणि एका बोटीच्या पंधरा बोटी झाल्या. बोटीवर तपासणीची खोली, प्रयोगशाळेचा कोपरा, औषधांचा साठा, स्वयंपाकघर आणि कर्मचाऱ्यांना झोपायची जागा असते. डॉक्टर, नर्स, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माता आणि खलाशी दिवसचे दिवस एकत्र राहतात, एका सापोरीवरून दुसरीवर जातात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीच फेरी करतात. जिथे जमीनच जागा बदलते तिथे दवाखान्यानेही फिरले पाहिजे, हे त्या लोकांनी करून दाखवले.

आपल्याकडे नर्मदेच्या काठी असेच घडले. सरदार सरोवराचे पाणी चढत गेले तशी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली कितीतरी काठाची गावे रस्त्यापासून तुटली. २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि फुगवट्याचे पाणी आणखी आत शिरले. या गावांसाठी नंदुरबार जिल्ह्यात तरंगता दवाखाना चालतो. ज्यांनी तो नुसता छायाचित्रात पाहिला आहे त्यांना तो कौतुकाचा विषय वाटतो. प्रत्यक्षात पाणी उतरले की बोट लागायची जागा बदलते, काठावर गाळ असतो आणि बाळाला पाठीशी बांधून चिखलातून बोटीपर्यंत यावे लागते. बोट बंद पडली तर दुरुस्तीचा माणूस लांबून आणावा लागतो. कोविडच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने होडी वल्हवत काठावरच्या पाड्यांवर पोषण आहार आणि तपासणी पोचवली, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. तिचे धैर्य मोठे आहे. पण सेविकेला स्वतःच्या हातांनी नदी ओलांडावी लागते तिथे तिला सत्काराच्या आधी यांत्रिक होडी मिळायला हवी होती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

दुर्गमता नेहमी अंतरातच असते असे नाही. बॉस्टनमध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलची ‘फॅमिली व्हॅन’ १९९२ पासून वस्त्यावस्त्यांत उभी राहते आहे, आणि बॉस्टनमध्ये रुग्णालयांना तोटा नाही. मुंबईतल्या बांधकामावरच्या मजुराचेही तसेच. मोठे रुग्णालय त्याच्या खोपटापासून दिसते, पण ओपीडीची रांग सकाळी लागते आणि सकाळी तो नाक्यावर उभा असतो.

या पुस्तिकेचे काळीज मात्र ऊसतोड कामगारांवरच्या प्रकरणात आहे. दसरा-दिवाळी झाली की बीड, परभणी, जालना, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातून लाखो माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत संसार. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात असते. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. संध्याकाळी परतली की पुन्हा पाणी, चूल, लेकरे. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि तो उचलीतून वळता होतो. अशा बाईसाठी दहा ते एक या वेळेत ओपीडी चालवणे म्हणजे तिच्यासाठी दवाखानाच नसणे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ‘पिशवी काढलेली’ आढळली. याला कारणे अनेक आहेत: खाड्याची भीती, बालविवाह, लवकर आलेली बाळंतपणे, खाजगी दवाखान्यांची लालसा, कॅन्सर होईल अशी घातलेली धास्ती. माझे लक्ष त्यांतल्या एका साध्या गोष्टीवर खिळते. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, ही तक्रार घेऊन बाई निघते तेव्हा बहुतेकदा ती जंतुसंसर्गाची असते आणि गोळ्यांनी बरी होते. फडात न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही. संसर्ग पुन्हा होतो. गोळ्या देणारी नर्स तिच्यापर्यंत सहा महिने येत नाही. ती हंगाम संपल्यावर गावी परतते, तेव्हा तिला भेटतो तो थेट शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. मधल्या काळात टोळीच्या मुक्कामाच्या तळावर महिन्यातून दोनदा एखादी गाडी उभी राहिली असती, तिच्यात पडदा असता आणि पडद्याआड एक बाई डॉक्टर नाहीतर नर्स असती, तर त्या तेरा हजारांतल्या कितीतरी जणींना वेगळा सल्ला मिळाला असता.

पण तळ सापडायचा कसा? टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते. तालुका आरोग्य कार्यालयाकडे तिचा पत्ता नसतो. कारखान्याकडे मात्र असतो. कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कधी तुटणार, कोणती टोळी कुठे लागणार, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि गट कार्यालयाला रोज ठाऊक असते, कारण त्याशिवाय तोडीची चिठ्ठी निघत नाही. तोडीच्या चिठ्ठ्या घेऊन फिरणाऱ्या चिटबॉयला विचारले तर टोळीचा तळ आज कोठे आहे ते तो उभ्या उभ्या सांगतो. या पुस्तिकेत ही युक्ती दिली आहे आणि मला ती फार मोलाची वाटली. दुसरी युक्ती गावाकडची. गरोदर बाईचे आणि बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड निघताना घरच्या पेटीत राहते. टोळी निघायच्या आधी गावच्या आशाताईंनी त्या कार्डाचा फोटो काढून मुकादमाच्या किंवा नवऱ्याच्या मोबाइलवर घालून ठेवला, तर चारशे किलोमीटरवरच्या नर्सला कळते की कोणती लस झाली, कोणती राहिली, हिमोग्लोबिन किती होते. दोन्ही गोष्टींना पैसा लागत नाही.

दवाखान्याच्या आतल्या दोन गोष्टी जवळून दाखवतो, कारण मोठ्या योजना अशाच जागी अडतात.

पहिली गोळ्यांची. मेळघाटातल्या बाजारगावात आठवडे बाजाराच्या दिवशी गाडी उभी आहे. कोरकू म्हातारी मोहाची टोपली खाली ठेवते आणि पदराची गाठ सोडून गोळ्यांची रिकामी पट्टी काढते. हीच दे, म्हणते. पट्टी मागच्या वेळी कात्रीने कापून दिलेली, त्यामुळे नावाचा भाग दुसऱ्याच रुग्णाबरोबर गेलेला. उरलेल्या चांदीवर दोन अक्षरे आणि मुदतीच्या तारखेचा अर्धा आकडा. ती गोळी रक्तदाबाची होती की नुसती लोहाची, हे नर्सने ओळखायचे कसे? म्हणून पट्टी कापायचीच असेल तर नावाची बाजू रुग्णाकडे राहील अशी कापावी, गोळ्या छोट्या पाकिटात घालाव्या, पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढावा, आणि रुग्णाचे कार्ड रुग्णाकडेच ठेवून त्याची नक्कल नोंदवहीत करावी. रक्तदाबाच्या गोळ्या तीस दिवसांच्या दिल्या आणि गाडी चाळिसाव्या दिवशी आली तर मधले दहा दिवस त्या बाईचे काय? गाडी महिन्याची असेल तर गोळ्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या दिल्या पाहिजेत. घाट बंद पडतो, टायर फुटतो, चालकाच्या घरी लग्न निघते, हे सगळे वेळापत्रकात आधीच धरलेले असावे. सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज लागते आणि मधूनमधून रक्ततपासणीही लागते. त्याच्या बाबतीत गाडीची चुकलेली फेरी थेट कळांच्या रूपात अंगावर येते.

दुसरी गोष्ट लसीची. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात कुपीत येते. ती द्रावणात मिसळली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात. पाड्यावर आज दोनच बाळे आली आहेत. कुपी उघडायची की पुढच्या फेरीला या म्हणायचे? वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वर द्यावा लागतो, म्हणून नवखी नर्स बिचकते आणि बाळांना परत पाठवते. या पुस्तिकेचे उत्तर स्पष्ट आहे आणि मीही त्याच मताचा आहे: एक बाळ असले तरी कुपी उघडा. वाया गेलेली लस कागदावर दाखवता येते. परत गेलेले बाळ पुढच्या फेरीला वीटभट्टीवर गेलेले असते. काही लसींच्या कुपीवर तिला लागलेली उष्णता दाखवणारा चौकोन असतो. बाहेरच्या वर्तुळापेक्षा आतला चौकोन फिका असेल तोवर लस चांगली, दोन्हींचा रंग एक झाला की ती वापरायची नाही. उन्हाळ्यात जीपच्या पाठीमागे ठेवलेल्या शीतपेटीतला बर्फ दुपारी किती उरतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या छोट्या चौकोनाची किंमत समजते.

आता माणसांविषयी. डॉक्टर मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण फिरता दवाखाना चालवायला डॉक्टरइतकीच आणखी दोन माणसे गरजेची असतात. एक चालक. त्याला पावसात कोणता नाला कधी उतरतो हे माहीत असते, गावात शिरल्यावर कोणाच्या अंगणात गाडी लावली की कोण रागावेल हे माहीत असते, आणि गाडी लागल्या लागल्या तोच ओळीने नावे घ्यायला बसतो. त्याला मदतनीस समजून कमी पगार देणाऱ्या संस्था वर्षभरात दोन-तीन चालक बदलतात आणि प्रत्येक वेळी रस्ते नव्याने शिकतात. दुसरी त्या भागातली बाई. कोरकू, पावरी, माडिया बोलणाऱ्या म्हातारीला मराठीतून दुखणे सांगता येत नाही. दुखणे सांगता आले नाही की डॉक्टर सगळ्यांना एकच गोळी देतो. पाड्यावरची शिकलेली मुलगी सोबत असेल तर पाच मिनिटांची तपासणी पंधरा मिनिटांची होते. ती दहा मिनिटे वाया जात नाहीत.

भुमकाशी, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूशीही बोलले पाहिजे. मेळघाटात आजारी मूल प्रथम भुमकाकडे जाते आणि काही ठिकाणी अजून पोटावर तापलेल्या सळईचे डंबे, म्हणजे चटके, दिले जातात. त्याच्यावर गुन्हा दाखल करून हे थांबत नाही. तो मूल लपवायला सांगतो. जिथे भुमकाला ओळख, मान आणि गाडीचा वार सांगितला गेला तिथे तोच आईला गाडीकडे पाठवू लागला, असे अनेक कार्यकर्ते सांगतात.

फिरत्या दवाखान्यांविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. गाडी आली की शासन आरोग्य केंद्र बांधणे, पदे भरणे यातून अंग काढून घेते. हे घडताना मी पाहिले आहे. कंपनी कायदा २०१३ मध्ये सामाजिक दायित्वाची तरतूद आल्यावर नफ्याचे दोन टक्के खर्चायचे म्हणून कितीतरी चकचकीत गाड्या रस्त्यावर आल्या. गाडी घेणे सोपे, फोटो लगेच मिळतो. डिझेल, टायर, औषधे, पगार यांना तिसऱ्या वर्षी देणगीदार मिळत नाही आणि गाडी कोणाच्या तरी शेडमध्ये उभी राहते. त्याहून वाईट म्हणजे एकदिवसीय शिबिर. साखर वाढली आहे, रक्तदाब वाढला आहे, असे दोनशे माणसांना सांगायचे, आठ दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि परत कधी यायचे नाही. माणसाच्या मनात भीती बसते, उपचार होत नाही, आणि पुढच्या गाडीवरचा विश्वासही जातो. असे शिबिर भरवण्यापेक्षा न भरवलेले बरे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

या आक्षेपाला उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली. नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले: बाळाचा श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे, प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. बाळ रात्री दोनला निळे पडते तेव्हा कोणतीही गाडी वेळेत पोचत नाही. पोचते ती शेजारच्या घरातली बाई. त्याच संस्थेची फिरती पथकेही आदिवासी गावांत जातात, पण गावातल्या आरोग्यदूतांच्या आधाराने. फिरत्या दवाखान्याची जागा मला इथे दिसते. आशा, आरोग्यदूत, उपकेंद्राची सिस्टर यांच्या पाठीशी उभे राहायचे, त्यांना न झेपणारा रुग्ण तपासायचा, औषध पुरवायचे, त्यांचा शब्द गावात वजनदार होईल असे वागायचे. गाडीच्या नोंदवहीतले प्रत्येक नाव उपकेंद्राच्या नोंदवहीत गेले पाहिजे. पुढे पाठवलेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयात खरोखर पोचला का, याची विचारणा पुढच्या फेरीत झालीच पाहिजे. तीन फेऱ्यांत एकाच पाड्यावरून एकाच प्रकारचे रुग्ण येत असतील तर तिथल्या विहिरीचे पाणी तपासायला लावणे, उपकेंद्राची मागणी ग्रामसभेत मांडायला लोकांना मदत करणे, हेही पथकाचे काम आहे.

कायद्याच्या बाजूचे प्रकरण वाचताना घाई करू नका. विशेषतः गाडीत सोनोग्राफी यंत्र बसवण्याचा मोह होतो. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली त्याची नोंदणी आणि फिरत्या पथकांसाठीचे नियम कडक आहेत, आणि मुलींची संख्या घटलेल्या जिल्ह्यांत ते तसेच असायला हवेत. सुया आणि रक्ताने माखलेला कापूस पाड्यावर टाकून यायचा नाही, तो मोजून परत आणायचा, हे वेगळे सांगायला नको, तरी पुस्तिकेत ते सांगितले आहे, आणि बरे केले आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना माझी विनंती आहे की पहिल्या वर्षी थोडीच गावे घ्या. भाड्याच्या जीपमध्ये, दोन पेट्या औषधे आणि एक घडीचे टेबल घेऊन सुरुवात करता येते. बाजाराचा वार धरा, पंचायतीच्या फलकावर वर्षभराच्या तारखा लिहा आणि जोरदार पाऊस आला तरी त्या पाळा. रुग्णसंख्या किती, हा अहवालातला पहिला आकडा नसावा. ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती झाल्या आणि रक्तदाबाचे किती रुग्ण सहा महिन्यांनंतरही गोळ्या घेत आहेत, हे दोन आकडे पहिल्या पानावर छापा. देणगीदारांनीही हेच दोन आकडे मागावेत.

साखर कारखान्यांच्या तालुक्यांतल्या वाचकांशी शेवटी बोलायचे आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होईल. त्याआधी कारखान्याच्या शेतकी विभागात जा आणि तुमच्या गटात येणाऱ्या टोळ्यांची व त्यांच्या तळांची यादी मागून घ्या. त्या यादीची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. संध्याकाळी सहानंतर दोन तास देऊ शकेल अशी एक नर्स आणि एक डॉक्टर आपल्या ओळखीत शोधा. सेवानिवृत्त असतील तरी चालतील. तळावरची पहिली फेरी हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात होऊ द्या, कारण त्याच दिवसांत गरोदर बायांची आणि लस राहिलेल्या बाळांची नावे घेता येतात.